अळणी रविवारचं तीर्थ

गव्हाणच्या खाडीकाठी मांडव घातला होता आणि त्या रविवारी तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. उलव्याचे टॉवरवाले, करंजाड्याचे फ्लॅटवाले, उरणच्या कोळणी, जो तो आपल्या घरून तांब्याभर पाणी घेऊन आला होता. पाणी स्वतःच्या घरचंच हवं, ही धर्मराज महाराजांची अट. म्हणूनच तर लोकांचा विश्वास बसला होता. आपल्याच नळाच्या पाण्यात कोण काय लबाडी करणार?

महाराजांच्या हातात सागरमणी होता. काळा, तुकतुकीत, लिंबाएवढा. खाडीतून आपणहून वर आला, असं म्हणत.

"हा मणी मुंबईच्या सायंटिस्टांकडे धाडला," महाराज माइकवर सांगत होते. "त्यांनी रॉकेलात टाकला, स्पिरिटात टाकला, थिनरात टाकला. विरघळला? नाय विरघळला. म्हणाले, जे विरघळत नाय ते आमच्या मशिनीला कळत नाय. विज्ञानानं हात टेकले, भाविकांनो. आता तुम्ही डोकं टेका."

लोकांनी टेकलं. चंद्रावतीनंही टेकलं. शेजारी तिची सून कीर्ती होती, आणि कीर्तीच्या मांडीवर सात वर्षांची मनस्वी.

मनस्वीला आकडी येई. गोळ्या सुरू झाल्यापासून कमी झाली होती, पण मध्येच एखादा झटका येईच. एकदा शाळेत आला, तेव्हापासून तिच्या बाकावर कुणी बसेना. चंद्रावतीचा मुलगा, म्हणजे पोरीचा बाप जीवन, जहाजावर, वर्षाचे आठ महिने बाहेर. कीर्ती एकटी पोरीच्या उशाशी जागून जागून अर्धी झाली होती. चंद्रावतीनं नातीसाठी सूर्यनारायणाचा रविवार धरला होता. त्या दिवशी मिठाचा कण तोंडात घालायचा नाही. ते व्रत तिनं तापातसुद्धा मोडलं नव्हतं.

कीर्तीचं पाणी काचेच्या बरणीत ओतलं गेलं. महाराजांनी मणी सोडला. तो सरळ तळाला गेला.

"घरात विलायती गोळी आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले.

कीर्तीनं पर्स पोटाशी घट्ट धरली. रांगेत असताना एक सेवेकरी पोरीच्या गालाला हात लावून औषधपाण्याची गोड गोड चौकशी करून गेला होता, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"मणी आणि गोळी एका घरात नांदत नाहीत, माउली. गोळी सोड. पुढच्या रविवारी ये."

परतताना कीर्तीनं पर्समधल्या गोळ्यांच्या पट्ट्या खाडीत भिरकावल्या. चंद्रावतीनं तिला अडवायला हात पुढं केला. पण देवाच्या कामात शंका कशी काढायची, म्हणून तो मागं घेतला.

पुढच्या रविवारी कीर्तीचं पाणी 'शुद्धी'साठी पडद्यामागं नेलं आणि परत आणलं. मणी बदकासारखा तरंगला. मांडवात टाळ्या पडल्या. तेच पाणी तीर्थ म्हणून तळहातावर मिळालं. ते खारट होतं. "सागराचा मणी, पाण्याला आपली चव देणारच," महाराज म्हणाले, आणि लोकांना तेही पटलं. चंद्रावतीनं मात्र ते नुसतं डोळ्यांना लावलं. रविवार तिचा अळणी. कीर्तीला तीर्थाची बाटली मिळाली, मण्याची पूड भरलेला पुडा मिळाला आणि मनस्वीच्या गळ्यात मण्याचा कपचा घातलेला ताईत आला.

मधल्या वारी चंद्रावतीची लेक दिपिका आली. ती मुंबईच्या एका संशोधन संस्थेत काम करी. गोळ्या बंद केल्याचं कळताच ती वहिनीवर बिथरली. दोघींचं जोरात वाजलं, आणि जाताना दिपिका पुड्यातली चिमूटभर पूड घेऊन गेली.

शनिवारी मनस्वीला झटका आला तो थांबेचना.

पनवेलच्या इस्पितळात रविवार उजाडला तेव्हा पोर यंत्रांना जोडलेली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या एकदम तोडल्यामुळं हे झालं. आतल्या आत झटके चालूच आहेत, आणखी जोराचं औषध चढवावं लागेल. कीर्ती बाकावर बाटली उराशी धरून बसली होती.

"सुया टोचल्या म्हणून मणी कोपलाय," ती म्हणत होती. "मी पोरीला घरी नेते. नायतर दोन थेंब तीर्थ तरी तिच्या तोंडात घालू द्या."

"बेशुद्ध पोरीच्या तोंडात पाणी घालायचं नाही," नर्स म्हणाली आणि काढून ठेवलेला ताईत कीर्तीच्या हातात दिला.

दिपिकानं आईला जिन्यापाशी नेलं.

"आई, मणी विरघळत नाही म्हणून तपासता येत नाही, ही थाप आहे. आमचं यंत्र घन वस्तूच तपासतं. पूड करंगळीच्या पेराहून बारक्या नळीत ठासायची, मोठ्या चुंबकात तिरकी धरायची आणि भिंगरीसारखी फिरवायची, सेकंदाला हजारो फेरे. मग रेडिओच्या लहरी सोडल्या की त्यातला एकेक कार्बन सांगतो, माझ्या शेजारी कोण बसलंय."

"फिरवायची कशाला?"

"न फिरवता सगळे एकदम बोलतात. मासळी बाजार. फिरवलं की एकेकाचा आवाज निराळा येतो."

"मग काय बोलला मणी?"

"नायलॉन. वर थोडं मेण, आत जळका कोळसा. आपल्या विठूकाका कोळ्याच्या फाटक्या जाळ्याचा तुकडाही तसाच तपासला. रेघेला रेघ जुळली. शिमग्याला किनाऱ्यावर जुनी जाळी पेटवतात, त्याचा वितळलेला गोळा आहे तो."

चंद्रावती भिंतीला टेकली. "पन तरंगतो ना गो तो."

"तेच मला कळत नाही. नायलॉन नळाच्या पाण्यात बुडतं. समुद्राच्याही."

चंद्रावतीला बापाचं मिठागर आठवलं. कुंडीतलं पाणी पिकलं का, मीठ धरण्याइतकं खारं झालं का, ते बघायला बाप त्यात कोंबडीचं अंडं सोडी. कच्च्या पाण्यात अंडं तळाला, पिकलेल्या पाण्यात वर.

"कॅन्टीनमधून मिठाची पिशवी आन," ती म्हणाली. "आनि दोन पेले."

बाकाभोवती नातेवाईक जमले. त्यातले निम्मे मांडवात जाऊन आलेले होते. चंद्रावतीनं एका पेल्यात नळाचं पाणी घेतलं आणि ताईत फोडून कपचा आत टाकला. बुडाला.

"बगा," कीर्ती रडत म्हणाली, "कोपलाय."

"दुसऱ्यात तुजं तीर्थ ओत."

कपचा तीर्थात तरंगला. कीर्तीनं हात जोडले. चंद्रावतीनं तो काढून पुन्हा नळाच्या पाण्यात टाकला आणि मूठमूठ मीठ घालून ढवळू लागली. पाणी आधी गढूळलं, मग निवळलं. तळाचा कपचा हलला, आडवा झाला, आणि हळूच वर आला.

"मी मंतर नाय घातला," चंद्रावती म्हणाली.

मग तिनं तीर्थात बोट बुडवलं.

"आई, आज रविवार हाय," कीर्तीनं तिचा हात धरला. "तुमचं व्रत मोडंल."

"मोडू दे." तिनं बोट चाटलं. दुसऱ्या पेल्यातलं चाटलं. "दोन्ही एकच हाय. माझ्या बापाच्या कुंडीतलं पिकलेलं पानी. पडद्यामागं दुसरं काय नाय, कीर्ती, मीठ हाय. आनि मनी म्हंजी आपल्याच लोकांनी जाललेली जाली."

कीर्ती पेल्याकडे बघत राहिली. सासूनं कशासाठी काय मोडलं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? तिनं बाटली खाली ठेवली, उठली आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन म्हणाली, "काय औषध द्यायचं ते द्या."

पुढच्या रविवारी चंद्रावती मांडवात गेली. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात मिठाची पिशवी.

"महाराज, माजं पानी पडद्यामागं नेऊ नका. हितंच तरंगवा."

"श्रद्धा नसेल तर मणी तरंगत नाय, बाई."

"श्रद्धा हाय. म्हनून तं आले." तिनं बरणीत मीठ ओतून ढवळलं, महाराजांच्या पुढ्यातला मणी उचलून सोडला आणि माइक ओढून घेतला. मणी तरंगत होता. पुढून विठू कोळी ओरडला, "अरे, मागचा पडदा तं उघडा," आणि चार पोरांनी तो ओढला. मागं खडेमिठाची पोती होती. सेवेकरी कधी पांगले ते कळलंच नाही.

चंद्रावतीचा आवाज मोठा नव्हता, पण माइकवरून तो मांडवभर गेला.

"मी व्रतं सोडली नाय, सोडनार नाय. तुमीबी सोडू नका. पन तीर्थ घ्यायच्या आधी त्यात काय हाय ते इचारा. इचारल्यावर जो कोपतो तो देव नसतो. बुद्धी त्यानंच दिलीय, ती चपलांसंगं मांडवाच्या भायेर काढून येऊ नका. आनि कुनाची गोली बंद करायची असंल तं डॉक्टरला इचारा, दुसऱ्या कुनाला नाय." तिनं मिठाची पिशवी खाली ठेवली. "माझ्या नातीनं डोले उघडलेत. पन ती अजून मला आजी म्हनत नाय."