उकडलेल्या अंड्यांचा नवस

आचान राचावदी नवस बोलली तेव्हा शेजारी मू उभा होता, तिथंच घोळ झाला. मू तिचा कॉलेजपासूनचा दोस्त, आता शेजारच्या खोलीतला प्राध्यापक. तोंडात तीळ भिजत नाही. बाकी सगळे तिला आचान, म्हणजे प्राध्यापक, म्हणत, मू तेवढा लाडाच्या नावानं कुंग म्हणायचा.

थायलंडातल्या खोन काएनच्या त्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या दारापुढं लाल सोड्याची बाटली कायम असायची, स्ट्रॉ घालून, जागेच्या मालकासाठी, म्हणजे तिथल्या राखणदार देवासाठी. कुंगनं रोजच्यासारखे हात जोडले. सोन्याच्या सूक्ष्म कणावरचे अणू आपले आपण हलतात, या एका गोष्टीवर तिनं उभी हयात काढली होती. मोठं प्रोफेसरपद त्याच पेपरवर अडलेलं. आणि एका परीक्षकानं विचारलं होतं, अणू खरंच आपणहून हलतात, की तुमचा इलेक्ट्रॉनचा झोत त्यांना ढकलतो?

उत्तर सोपं होतं. एक फोटो काढायचा, झोत बंद करायचा, जेवून यायचं, पुन्हा एक फोटो. इतकी वर्षं ते तिनं टाळलं होतं.

"खरं काय ते दिसू दे, टोपलीभर उकडलेली अंडी वाहीन," ती पुटपुटली.

मूनं कपाळाला हात लावला. पेपर पास होऊ दे म्हणायचं सोडून हे काय मागितलंस, म्हणाला. माझंच खरं आहे, मग फरक काय, असं तिचं म्हणणं.

पहिला फोटो काढून, झोत बंद करून दोघं जेवायला गेली. जेवताना चिकट भाताचा गोळा तिच्या मुठीतच गार झाला. तिच्या वाटणीचं भाजलेलं कोंबडं मूनं संपवलं.

परत येऊन फोटो काढला. जुन्यावर ठेवला. एकही अणू जागचा हलला नव्हता. मग झोत तसाच चालू ठेवला, तर लागले सगळे टुणटुण उड्या मारायला. म्हणजे इतकी वर्षं हीच त्यांना डिवचत होती.

मूनं दार लावून आवाज खाली आणला. त्याच्यासाठी ही मोठीच गोष्ट.

"पुसून टाक फोटो," तो म्हणाला. "समज, मी अजून जेवतोच आहे, मला काही माहीत नाही."

"आणि अंडी?"

"ती गुपचूप वाहून टाक."

"टोपलीभर अंडी गुपचूप? येणारा-जाणारा विचारणारच, आचान, काय पावलं म्हणून."

"मग नको वाहूस."

नवस बुडवून त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायची दोघांचीही छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोड्याच्या बाटलीशेजारी टोपली आली. उदबत्ती दाराबाहेर विझली, तशी अंडी प्रसाद म्हणून देवाकडून परत मागून घेतली आणि सगळा मजला सोलायला बसला. जो तो विचारायचा, काय पावलं. कुंग प्रत्येकाला सांगायची: पेपर मागं घेतला, माझं चुकलं होतं, ते पावलं.

मूनं अंडं सोललं, माशाच्या चटणीत बुडवलं.

"पुढच्या वेळी," तो तिला म्हणाला, "नवस मला विचारून बोल."