अकरा मीटर घरातून

तिसरीतली एकवीस मुलं मोठ्या बाईंच्या ऑफिसातून पळत गेली, तेव्हा मोठ्या बाई एका पालकाला शिस्तीचं महत्त्व समजावून सांगत होत्या. मुलं एका दारानं आत आली, टेबलाला वळसा घालून दुसऱ्या दारानं बाहेर गेली. टेबलावरचे कागद जरासे उठले आणि पुन्हा बसले. पालकानं आधी दाराकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे.

"तर मी काय म्हणत होते," मोठ्या बाई म्हणाल्या, "अभ्यासाला घरात एक ठरावीक जागा हवी. जिथून कोणाची ये-जा नसेल अशी."

दारात शिट्टीसर उभे होते. अजून दोन फेऱ्या आहेत, असं त्यांनी बोटांनी सांगितलं. मोठ्या बाईंनी मान हलवली आणि पेपरवेट हातात धरून ठेवलं.

शिट्टीसर म्हणजे शाळेचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. वय त्रेपन्न, नोकरी सव्वीस वर्षं. गळ्यात शिट्टी असायची, पण तिच्यातला मणी त्यांनी हल्लीच काढून टाकला होता, कारण धावपट्टी सहावीच्या वर्गातून जायची आणि ऐन अपूर्णांकात शिट्टी वाजली की गणिताच्या बाई खडू खाली ठेवायच्या. आता शिट्टी वाजायची नाही, नुसता सुस्कारा टाकायची. मुलं त्या सुस्काऱ्यावर धावायला शिकली होती.

हे सगळं एका परिपत्रकामुळे झालं. सरकारला मुलांच्या शरीराची आठवण साधारण दर तीन वर्षांनी व्हायची. एकदा दोरीवरच्या उड्यांचं धोरण आलं, पण दोऱ्या आल्या नाहीत. पुढच्या वर्षी चारशे दोऱ्या आल्या, तोवर धोरण दीर्घ श्वासांचं झालं होतं. दोऱ्यांवर शाळेची फडकी वाळू लागली आणि मुलं ती बघत दीर्घ श्वास घेऊ लागली. यंदाचं धोरण मात्र कडक होतं. प्रत्येक मुलानं रोज चाळीस मिनिटं हालचाल करावी. ज्या शाळेत दोनशे मीटरची अखंड, सपाट, आखलेली धावपट्टी असेल, तिथलाच शारीरिक शिक्षक राहील. बाकीचे अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षकांनी मुख्य कार्यालयात बसून सगळ्या शाळांतल्या मुलांची उंची-वजनं संगणकात भरायची. म्हणजे मुलं दिसणार नाहीत, त्यांचे सेंटिमीटर तेवढे दिसतील.

शाळेचं अंगण एवढंसं. कडेकडेनं धावलं तरी शहाण्णव मीटर. शिट्टीसरांनी परिपत्रक सात वेळा वाचलं. बायकोनं विचारलं, प्रेमपत्र आहे का. आठव्या वेळी त्यांना दिसलं, की धावपट्टी उघड्यावर असावी असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन शाळाभर फिरले. अंगण शहाण्णव. तिथून व्हरांडा अडतीस. मोठ्या बाईंचं ऑफिस नऊ, शिक्षकांची खोली बारा, सहावीचा वर्ग आठ, आणि वर्गाच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की गल्ली सव्वीस. एकूण एकशे एकोणनव्वद. गल्लीच्या शेवटी एक बैठं घर होतं. त्याचं पुढचं दार गल्लीत उघडायचं आणि मागचं थेट शाळेच्या अंगणात. घराची लांबी भिंतीबाहेरून मोजली. अकरा मीटर.

घरात एक आजी आणि एक आजोबा राहायचे. आजोबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. पाठीच्या दुखण्यानं दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. शिट्टीसरांनी दार वाजवलं, चपला काढल्या, खुर्चीच्या काठावर बसले आणि शब्द जुळवत सांगितलं, की तुमच्या घरातून रोज दोनशे चाळीस मुलं पळत गेली तर चालेल का.

आजींना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पलंगावरून आजोबांनी विचारलं, "एकदम?"

"नाही नाही. वर्गवार."

"मग येऊ द्या," आजोबा म्हणाले. "नाहीतरी दोन वर्षांत घरात आलंय कोण, एक डॉक्टर. आणि तोही चालतच येतो."

आजींनी तिपाई हलवली, पाण्याचं भांडं कोपऱ्यात घेतलं. शिट्टीसरांनी चुन्याची फक्की आणली आणि पुढच्या दारापासून स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत दोन पांढऱ्या रेघा मारल्या. पलंग बरोबर रेघेच्या कडेला आला.

त्यानंतरचे सहा आठवडे शाळेत कसे गेले ते कोणालाच धड सांगता आलं नसतं. दुपारी ऊन व्हरांड्यात लांबच लांब पडायचं आणि त्यातून मुलं पाण्यातून गेल्यासारखी जायची. पायमोजे घालून धावायचं आणि घरात चवड्यांवर, हा नियम मुलांनीच केला. त्यामुळे गल्लीतला धपधप आवाज आजींच्या उंबऱ्यावर अचानक बंद व्हायचा, पडदा फुगायचा, पलंगाजवळून एक वारं जायचं आणि मागच्या दाराबाहेर पुन्हा धपधप सुरू व्हायची. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना सगळे आपोआप कप उचलून धरायचे. सहावीतला फळा पुसता पुसता गणिताच्या बाई बाजूला व्हायच्या, वाट द्यायच्या आणि तिथूनच पुढचं गणित घालायच्या. आपण वर्गात बसलोय आणि दुसराच वर्ग आपल्यातून वाहत जातोय, याचं मुलांना काही वाटेनासं झालं.

आजोबा मोजायचे. पाचवीची पोरं निघाली की उशीला टेकून बसायचे.

"सर, चौतीस आत आली, बत्तीसच बाहेर पडली," ते खिडकीतून सांगायचे. उरलेली दोन स्वयंपाकघरात आजींकडून बिस्किट घेत असायची.

एकदा आजोबा म्हणाले, हल्ली मी झोपेत यांच्यामागून धावतो, पण पलंगासकट. वळणावर जरा त्रास होतो.

मग तपासणीची तारीख आली, आणि त्याच आठवड्यात आजोबांची पाठ बिघडली. चार दिवस, चार रात्री डोळ्याला डोळा नाही. औषध बदललं, उशा बदलल्या, आजींनी पलंगाची दिशा सोडून सगळं बदलून पाहिलं. पलंग हलवला असता तर पट्टी अडली असती. शिट्टीसर म्हणाले, हलवा, मी पुन्हा आखतो. आजोबांनी ऐकलं नाही. तपासणी होऊ दे, म्हणाले, मग कण्हेन निवांत.

तपासणीला आले ते साहेब तरुण होते आणि त्यांच्याजवळ एक चाक होतं. लांब दांडा, खाली चाक, चाकाला आकडे दाखवणारा छोटा पडदा. जमिनीवरून ढकलत न्यायचं. प्रत्येक मीटरला चाक ‘टक्’ असा मोठा आवाज करायचं.

"आवाज कमी होत नाही?" शिट्टीसरांनी विचारलं.

"नाही हो. मी पण रात्री ऐकतो," साहेब म्हणाले.

अंगणात शहाण्णव वेळा टक् झालं. व्हरांड्यात अडतीस वेळा. ऑफिसात मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि चाक जाईपर्यंत उभ्याच राहिल्या. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी कप उचलले, साहेबांनाही एक मिळाला, तो त्यांनी डाव्या हातात धरून उजव्या हातानं चाक ढकललं. वर्ग ओलांडून सगळे गल्लीत आले. मागून चौथीची मुलं, पायमोजे घालून तयार. एकशे सत्याऐंशी. एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे एकोणनव्वद.

आजी दारात उभ्या होत्या. त्यांचं बोट ओठांवर होतं.

"आत्ता लागलाय डोळा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "दहा मिनिटं झाली असतील."

पडद्याच्या फटीतून आजोबा दिसत होते. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबलेला. बोटांची टोकं पांढऱ्या रेघेच्या बरोबर वर होती.

साहेबांनी चाकाकडे पाहिलं. शिट्टीसरांनी विचारलं, उचलून नेलं तर. साहेब म्हणाले, उचललं की आकडा शून्यावर जातो. मग हातानं दोनशे लिहिलं तर. साहेब म्हणाले, मी लिहीतच नाही, चाकच सरळ वर कळवतं. ते ओशाळून म्हणाले. जणू चाक त्यांचं घरचं होतं आणि जरा वाया गेलेलं होतं.

"थांबू थोडा वेळ," साहेब म्हणाले.

सगळे थांबले. साहेब पायरीवर बसले. चौथीची तेहतीस मुलं गल्लीत एका रांगेत उभी राहिली, आणि मुख्य म्हणजे गप्प राहिली. कुठेतरी कोणीतरी नळ बंद केला तोसुद्धा ऐकू आला. अर्धा तास गेला. एक पोर उभ्या उभ्या पेंगलं, शेजारच्यानं त्याला खांदा दिला. साहेबांच्या हातातला चहा निवला. पाऊण तासानं त्यांनी घड्याळ पाहिलं. चारला त्यांची पुढची शाळा होती आणि ती बरीच लांब होती. आजची तपासणी आजच बंद होणार होती.

आजींनी ते पाहिलं. त्या पुढे आल्या.

"उठवते मी त्यांना. तुमच्या नोकरीचं आहे सर. ते काही म्हणायचे नाहीत."

आणि त्या वळल्यासुद्धा. शिट्टीसरांनी आतल्या दोन पांढऱ्या रेघांकडे पाहिलं. अकरा टक्. एका दमात संपले असते. आजोबा डोळे उघडून म्हणाले असते, या या. आणि मग संध्याकाळभर, रात्रभर छताकडे बघत पडले असते.

"राहू द्या, आजी."

"अहो, पण..."

"चार दिवसांनी लागलाय डोळा. राहू द्या." मग ते साहेबांकडे वळले. "चाक इथंच थांबवा."

साहेबांनी दांड्यावरचं बटण दाबलं. एकशे एकोणनव्वद हा आकडा वर गेला. चहाचा कप त्यांनी पायरीवर अलगद ठेवला, आवाज न करता, आणि चाक खांद्यावर टाकून गल्लीतून निघून गेले.

घरी शिट्टीसरांनी बूट काढता काढता बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली.

"किती कमी पडलं?"

"अकरा मीटर."

तिनं दारापासून गॅलरीपर्यंत एकदा नजर फिरवली. "आपलं घर तेवढंच असेल, नाही?" मग भाजी चिरून झाल्यावर तिनं विचारलं, "पण झोपले ना ते?"

"साडेपाचपर्यंत. उठल्या उठल्या विचारलं, चौथी गेली का."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

नवव्या दिवशी पत्र आलं. शनिवारी दुपारी कार्यमुक्त, सोमवारी मुख्य कार्यालय, तिसरा मजला, खिडकीपासून दुसरं टेबल. मोठ्या बाईंनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं आणि म्हणाल्या, की तिसऱ्या मजल्याला लिफ्ट तरी आहे का विचारून घ्या.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर शिट्टीसरांनी फक्कीची बादली घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. धावपट्टीची आता सरकारदरबारी काही गरज उरली नव्हती. त्यांनी अंगणापासून सुरुवात केली आणि पुसट झालेल्या दोन्ही रेघा नव्यानं मारत निघाले. व्हरांडा झाला. ऑफिसात मोठ्या बाई सही करत बसल्या होत्या, त्यांनी कोणी न सांगता पाय वर घेतले. शिक्षकांची खोली झाली, सहावीचा वर्ग झाला, गल्ली झाली.

आजींनी फरशी आधीच पुसून ठेवली होती. आजोबा उशांना टेकून बसले होते. आज जरा बरे दिसत होते. शिट्टीसर गुडघ्यांवर सरकत सरकत पुढच्या दारापासून पलंगापर्यंत आले.

"सर," आजोबा म्हणाले.

"हां."

"इथं जरा वाकडी आलीये."

शिट्टीसरांनी मान तिरकी करून पाहिलं. बोटभर वाकडी होती. त्यांनी आजींकडून ओलं फडकं घेतलं आणि तेवढी रेघ पुसून काढली. ओल्या फरशीवर फक्की धरत नाही. म्हणून फरशी वाळेपर्यंत दोघं त्या ओल्या पट्ट्याकडे बघत बसले. मग सरांनी पुन्हा गुडघे टेकले.