शब्दाचं मूळ आणि डांबराचं पिंप

चर्चच्या दारात डांबराचं पिंप आणून ठेवलं होतं. आत खटल्याचा निकाल अजून लागायचा होता, पण आमच्या गावाला धीर कुठला! ग्रिझेल ट्रॉटर चेटकीण ठरली की त्याच डांबरात जळणार होती.

गुन्हा काय? तिचा नवरा, म्हणजे आमचे जुने मास्तर, वारले. त्यांचं एक पुस्तक ती चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायची. अक्षरं वाकडीतिकडी, भाषा कुणाला न कळणारी. त्यात पंच प्रिंगलच्या गाईचं दूध आटलं.

"ही बया ग्लॅमर करते!" प्रिंगल गरजला. ग्लॅमर म्हणजे आमच्याकडे नजरबंदी, चेटूक.

नवे मास्तर निनियन रूल उठले. "प्रिंगलदादा, ते ग्रीक व्याकरण आहे. ग्रॅमर! त्याच शब्दाचं तुमच्या तोंडात झिजून ग्लॅमर झालंय. आपण तो फ्रेंचांकडून घेतला, त्यांनी लॅटिनमधून, लॅटिननं ग्रीकांकडून. मुळात 'ग्रामा'. म्हणजे कोरलेलं अक्षर. बस्स, एवढंच."

मला वाटलं, सुटली बाई.

खटला चालवणारे पाद्री हेपबर्न पुढे वाकले. "हे ग्रीक ख्रिस्ताच्या आधीचे ना, मास्तर?"

"हो, पण..."

"म्हणजे मूर्तिपूजक. मूळ तुम्हीच दाखवलंत. सैतानाचंच निघालं."

बाहेर कुणीतरी पिंपावर लाथ हाणली. ग्रिझेलचे ओठ पांढरे पडले. "मास्तर, पुरे तुमचं शहाणपण," ती पुटपुटली. "आणखी खणलंत तर माझीच कबर निघेल."

मास्तर ऐकतात कुठे! तडक व्यासपीठावर चढून त्यांनी पाद्रींच्या बायबलातला ग्रीक नवा करार उघडला. "पौलानं तीमथ्याला लिहिलंय, पवित्र 'ग्रामाता', म्हणजे अक्षरं. हा बघा, तोच शब्द."

"असं काही नाही तिथं," पाद्री म्हणाले.

साफ खोटं. पण तपासणार कोण?

मास्तरांनी पुराव्यात ठेवलेलं ग्रिझेलचं पुस्तकही घेतलं आणि दोन्ही पुस्तकं पंचांपुढे शेजारी शेजारी उघडी ठेवली. प्रिंगलला कसली ग्रीक येतेय! पण डोळे तर होते. दोन्हीकडे तेच वाकडे ओरखडे. तो झटकन मागे सरकला.

"पाद्रीबाबा," त्याचा आवाज चिरकला, "हिची विद्या तुमच्याकडेपण?"

सगळ्यांच्या माना पाद्रींकडे वळल्या. पिंपापाशी उभे असलेले आत घुसले.

हेपबर्नना दरदरून घाम फुटला. "आहे! शब्द आहे! पौलाचाच आहे! बाई निर्दोष आहे, सोडा तिला!"

स्वतःच्या कातडीला चटका बसेपर्यंत या माणसाला खरं दिसत नव्हतं.

ग्रिझेल पुस्तक उचलून चालू लागली. दारात जाऊन उभ्या राहिलेल्या प्रिंगलनं तिला वाट दिली. मागून पाद्री निघाले, तेव्हा मात्र तो दारातून हलला नाही.