न आटणारी लोकर

चौथ्यांदा त्याने चिमूट धरली, आणि चौथ्यांदाही सुटे तंतू बोटांत आले.

नमद्याची परीक्षा एवढीच असते. पिंजलेली लोकर थरावर थर मांडायची, तिच्यावर साबणाचे कढत पाणी शिंपडायचे, चटईत गुंडाळून लाटत राहायचे. लोकर आटत जाते, तंतू एकमेकांत गुंततात आणि विणीवाचून, दोऱ्यावाचून एक जाड, एकजीव वस्त्र, म्हणजे नमदा, तयार होते. मग चिमूट धरून पाहायची. अवघे वस्त्र उचलले गेले, तर काम झाले. नुसते तंतू हाती आले, तर पुन्हा लाटायला घ्यायचे. मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर पसरलेला हा नमदा सगळीकडे घट्ट बसला होता. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात, दोन तळहातांएवढ्या जागेत, त्याने न बसण्याचा हट्ट धरला होता.

"अहो, चहा गार झाला," दारातून बायको म्हणाली. "त्याच्यावर साय मात्र छान बसलीय. तुमच्या लोकरीला म्हणावं, शिक जरा तिच्याकडून."

एरवी तो यावर काहीतरी बोलला असता. आज त्याने त्या कोपऱ्यातले चार तंतू उपटले, पिळले आणि काडी ओढून त्यांना लावली. लोकर जळते ती केसासारखी. वास केसाचा आणि मागे राख. या तंतूंचा मात्र वितळून काळा, टणक मणी झाला आणि खोलीभर प्लॅस्टिकचा वास पसरला.

"हे उशीतलं फायबर आहे. हे कशानं आटणार?" तो म्हणाला.

बायको जवळ आली. "उशीतलं? ते इथं कसं येईल? पिंजलं तर अक्कांनीच ना?"

उत्तर प्रश्नातच होते.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. सत्तावीस वर्षे त्याची लोकर तीच पिंजत आली होती. दर गुरुवारी सकाळी ती दोन गल्ल्या ओलांडून येई, खिडकीपाशी बसे आणि तारांचे बारीक दात असलेल्या दोन फळ्यांमध्ये लोकर विंचरून तिचे ढगासारखे पुंजके करी. खरे पाहता हा सारा व्यापच तिने सुरू केला होता. तो तेव्हा वाफेच्या लाँड्रीत कामाला होता. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाचा लोकरी स्वेटर चुकून उकळत्या पाण्यात घातला आणि तो आटून बाहुलीच्या मापाचा झाला. मालकाने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. घरी आल्यावर त्याने तो स्वेटर कोपऱ्यात भिरकावला. अक्काने उचलला, ओढून पाहिला, कात्रीने कापून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा उसवत नाही. बघ तरी, कापला तरी धागा सुटत नाही याचा!" भावाला जे नुकसान वाटले, ते तिला नवल वाटले. पुढे त्याने जे काही केले, ते त्या एका नवलाचाच विस्तार होते.

खिडकीपाशी लोकरीच्या पिशवीशेजारीच उशा भरायच्या फायबरची पिशवी असे, आणि दोन्ही पांढरी. डोळ्यांना न कळणारा फरक बोटांना कळतो: लोकर किंचित तेलकट, हाताला चिकटू पाहणारी, फायबर कोरडे आणि निसटते. "डोळे बांधून सांगेन," ही तर अक्काची प्रौढीच होती. आता त्याला आठवले, की गेल्या महिन्यात तिने कढत चहाचा पेला बराच वेळ बोटांत धरून ठेवला होता. ब्लाउजचा हूक लावून दे, असे भावजयीला दोनदा म्हणाली होती. त्याने हे सारे पाहिले होते. पण पाहणे निराळे आणि ध्यानात घेणे निराळे.

"बोटं गेली तिची," तो म्हणाला. "कुणाला बोलली नाही."

"तुम्ही सांगणार?"

"सांगितलं, तर ती यायची बंद होईल. त्या घरात ती एकटी आठवडाभर काय करेल? भिंतींशी भांडेल?"

"आणि नाही सांगितलं, तर तुमचे नमदे बंद होतील." बायकोने कोपऱ्याकडे पाहिले. "परवा प्रदर्शनाच्या दालनातल्या बाई न्यायला येणार. तेवढा तुकडा कापून टाका ना."

"वाफ तिथंच उजेडाला भिडते. तो कापला, तर उरेल नुसती ओली भिंत."

ते खरेच होते. नमद्यावर लाँड्रीच्या खोलीचे चित्र होते: करड्या भिंती, खालच्या उजव्या कोपऱ्यातून उठणारी वाफ आणि वर डावीकडे, झरोक्यापाशी, तिचे पांढरे होत जाणे. तीन महिन्यांचे काम. एवढ्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच प्रदर्शनात एक अख्खी भिंत मिळाली होती.

उपाय एकच होता आणि तो त्याला मान्य नव्हता. काटेरी खाचांची एक सुई असते. ती टोचत राहिले, की वरचे तंतू ओढून खालच्या थरात रोवले जातात, मग ते लोकरीचे असोत वा फायबरचे. अशा सुयांची डबी भाच्याने पाच वर्षांपूर्वी भेट दिली होती. तिचे वेष्टनही त्याने फोडले नव्हते. ऐकणारा भेटो न भेटो, तो वाद घालीत आला होता: "पाणी लोकरीची समजूत काढतं. सुई जबरदस्ती करते. समजुतीनं जुळलेलं तेवढंच टिकतं."

त्याने नमदा वाळवला, वेष्टन फोडले आणि खुर्ची ओढली.

बुधवार मावळेपर्यंत तो टोचत होता. तीन सुया मोडल्या. अंगठ्यातून रक्त आले, ते त्याने नमद्याला लागू दिले नाही. बायकोने मध्येच येऊन त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधली. "लग्नापासून मला एक बटण लावून दिलं नाहीत," ती म्हणाली, "आणि आता बघा, सुई सोडवत नाही." गाठ मात्र तिने फार हळुवार मारली. शेवटी त्याने चिमूट धरली. अवघा कोपरा उचलला गेला.

गुरुवारी अक्का नेहमीच्या वेळी आली.

"काय रे पाणकोंबड्या, आज हात कोरडे?" त्याचे हात सदा ओले, म्हणून हे नाव तिने लाँड्रीच्या दिवसांतच ठेवले होते. "आणि ही पट्टी?"

"चाकू लागला."

"चाकू? स्वयंपाकघरात तू गेला होतास? मग सूर्य कुठून उगवला आज?" ती टेबलापाशी आली. "झाला वाटतं. पाहू दे."

तिने कोपऱ्यापाशी चिमूट धरली. तिची बोटे तिला काहीच सांगत नव्हती, हे त्याला दिसत होते. आणि ते त्याला दिसते आहे, हे तिलाही कळले. मग ती वाकली आणि तिने गाल नमद्यावर टेकला. निजलेल्या मुलाचा ताप पाहावा तशी ती सावकाश सरकत गेली, उजवीकडून डावीकडे, आणि कोपऱ्यापाशी थांबली.

"इथं वेगळं लागतं."

"तिथं जरा निराळी रचना केलीय, अक्का."

"मला शिकवू नकोस. सुई आहे ही. तू आणि सुई!" ती सरळ झाली. "माझ्या हातून काय गेलं यात?"

आयुष्यभर वाद घालणाऱ्या त्या माणसाला आता आणखी एक खोटे बोलता आले नाही.

"फायबर ना?" ती म्हणाली. खिडकीपाशी जाऊन तिने आपल्या दोन्ही फळ्या उचलल्या आणि टेबलावर ठेवल्या. "दिवाळं निघालं म्हणायचं बोटांचं. दुसऱ्या कुणाला तरी बघ आता."

"दुसरी अक्का कुठं मिळते, ते सांग. जाऊन आणतो."

ती हसली नाही. पण फळ्या टेबलावर ठेवूनही ती घरी गेली नाही.

दुपारी दालनातल्या बाई आल्या. नमदा पाहून बराच वेळ उभ्या राहिल्या, मग हातातली छापील पाटी त्यांनी वाचून दाखवली. "'फक्त पाणी, साबण आणि हात.' बरोबर ना?"

"नाही," तो म्हणाला. "सुई लिहा."

"कोपऱ्यापुरती तर आहे. कुणाच्या ध्यानात येणार?"

"तरी लिहा. आणि लोकर थोरल्या बहिणीनं पिंजली, हेही."

"फायबरसुद्धा लिहा म्हणावं," खिडकीपासून अक्का म्हणाली.

बाईंना त्यातले काही कळले नाही. त्यांनी तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

नमदा गेल्यावर टेबल फार मोठे दिसू लागले. पुढच्या गुरुवारी अक्काची वेळ झाली, टळली. त्याने पाणी तापत ठेवले, उतरवले, पुन्हा ठेवले. बायको दारात जाऊन आली. तासाभराने पावले वाजली. अक्का आत आली, खिडकीपाशी बसली आणि फळ्यांसाठी हात पुढे केला. त्याने फळ्या दिल्या. लोकरीची पिशवी तिच्या पायांशी ठेवली आणि पाठ फिरवून साबण किसू लागला.

काही वेळाने त्याने वळून पाहिले. ती एकेक पुंजका उचलून गालाला लावत होती, क्षणभर थांबत होती, मग फळीवर ठेवत होती. काम पूर्वीच्या निम्म्या वेगानेही होत नव्हते. एक पांढरा तंतू तिच्या गालावर चिकटून राहिला होता. तिला तो जाणवत असावा. तिने तो पुसला नाही.