पाचशेंतले बावीस

आमच्या आयोवात चार वर्षांतून एकदा सगळा देश दाराशी येऊन उभा राहतो. पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, याचा पहिला कौल आमचा. त्यामुळे आम्हा लोकांना थोडी शिंगं फुटली आहेत, हे मी कबूल करते. मला जरा जास्तच. अठ्ठावीस वर्षं मी आमच्या वॉर्डातली पक्षाची प्रमुख आहे. फेब्रुवारीत शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या बंद हॉलमध्ये, गाव जमतं, जो तो आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभा राहतो आणि डोकी मोजली जातात. शंभरात पंधरा भरले नाहीत तर कोपरा मोडायचा आणि त्या लोकांनी दुसरीकडे जायचं. कुणाचा कोपरा मोडणार हे मी डिसेंबरातच सांगायची, आणि ते खरं व्हायचं. त्याचा मला माज होता.

त्या वर्षी आम्ही सिनेटर मार्गो एलिंगसनच्या बाजूचे. आम्ही म्हणजे चौघं. मी, गणिताचे निवृत्त शिक्षक ऑरिन मास्तर, व्हर्लिन हाक आणि त्याची बायको जोलीन. व्हर्लिनची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. गावच्या दवाखान्यातलं डायलिसिस दोन वर्षांपूर्वी बंद झालं, तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार जोलीन त्याला सत्तर मैलांवर न्यायची आणि परत आणायची, बर्फ असो की वादळ.

ऑगस्टमध्ये एलिंगसनबाई आल्या. कॅमेरेवाल्यांना गावातच सोडून त्या व्हर्लिनच्या गाडीत मागे बसून डायलिसिसला गेल्या आणि तो सुईला जखडलेला असताना चार तास शेजारी बसून राहिल्या. निघताना म्हणाल्या, "जानेवारीच्या टीव्ही डिबेटमध्ये मी तुमचं नाव घेऊन हे सांगणार आहे."

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास जोलीननं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तो थकलाय गं. आता बास म्हणतो. सुया नकोत, गाडी नको. मी रडले तेव्हा म्हणाला, ठीक आहे, डिबेटपर्यंत जातो. बाई काय बोलतात, लोक काय म्हणतात बघू, मग ठरवू." व्हर्लिन गाडीत बसत होता तो त्या डिबेटच्या आशेवर.

आणि डिबेटमध्ये उभं राहायला अट होती. जानेवारीच्या मोठ्या जनमत चाचणीत पाच टक्के पडलेच पाहिजेत. बाईंना आदल्या महिन्यात सहा होते.

ती चाचणी शुक्रवारी संध्याकाळी आली. सगळे माझ्या स्वयंपाकघरात होते. मी चिली, म्हणजे घेवडा-टोमॅटोचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल केले होते. व्हर्लिनला टोमॅटो चालत नाही, घेवडाही नाही, म्हणून जोलीननं त्याचा पांढरा भात डब्यात आणला होता. तो माझ्या पातेल्याचा वास घेत भात खात होता. मास्तरांनी चष्मा पुसला आणि टॅबलेटवर वाचायला लागले.

"टॅलबर्ट सव्वीस." हा एका मोठ्या राज्याचा गव्हर्नर, सगळ्यांच्या पुढे. मास्तर यादीत खाली खाली जात राहिले. "एलिंगसन, चार."

"नीट बघा, मास्तर," जोलीन म्हणाली. ती त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. "तुम्हाला सहाचा चार दिसत असेल."

"तुझ्या पेपरात मला कधी सहाचा चार दिसला होता का? चार आहे."

"हे विचारतात तरी कुणाला?" व्हर्लिन म्हणाला. "चाळीस वर्षं माझा एकच नंबर आहे. आजवर एकानं विचारलं नाही. फोन येतो तो विमा विकणाऱ्याचा."

"आणि तू त्याला अशा शिव्या घालतोस की चाचणीवाल्यांच्याही कानावर गेल्या असतील," जोलीन म्हणाली.

मला गप्प बसवेना. "हे बघा, अशा चाचणीत चार-साडेचार टक्क्यांची चूक धरलेली असते. म्हणजे चारचे आठही असू शकतात."

"चूक वर जाते तशी खालीही जाते, आर्डिथ," मास्तर म्हणाले. "या हिशेबानं बाईंना कुणीच विचारत नाही, असंही असू शकतं."

व्हर्लिन हसला. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं, भात अर्धा तसाच होता.

मास्तरांचा स्वभाव कीस काढण्याचा. चाचणीच्या शेवटी बारीक अक्षरात तक्ते असतात, ते माझ्याखेरीज गावात फक्त तेच वाचतात. त्यांनी माझ्या किराणा यादीच्या मागे भागाकार केला. "पाचशे जणांना विचारलं. एलिंगसन म्हणाले बावीस. म्हणजे चार पूर्णांक चार. छापले चार. तेवीस असते तर चार पूर्णांक सहा, छापले असते पाच."

"म्हणजे एक माणूस," व्हर्लिन म्हणाला.

"एक माणूस."

मी रोल गरम करायच्या निमित्तानं उठले. कारण तो माणूस मी होते.

मंगळवारी फोन आला होता, भिंतीवरच्या फोनवर. एक गोड आवाजाची मुलगी, आज सभा झाली तर कुणाच्या कोपऱ्यात उभ्या राहाल? आता अठ्ठावीस वर्षांचं शहाणपण उफाळून आलं. चाचणीत ज्याला सव्वीस असतात त्याला सभेत सव्वीस मिळाले तर ती बातमी होत नाही. चाचणीत ज्याला सहा आणि सभेत सोळा, त्याच्यामागे सगळे पत्रकार धावतात. म्हणून आपल्या माणसाला आधी खालीच ठेवावं, डोकी जिममध्ये दाखवावीत. मी म्हणाले, "टॅलबर्ट." वर त्यांच्या शेतीधोरणाचं कौतुकही केलं. पाचाची अट मला पाठ होती, पण बाईंकडे सहा होते ना. माझ्या एका उत्तरानं काय होणार? फोन ठेवून मी स्वतःवर खूश होऊन कॉफी प्यायले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. पण इथे बैल दुसऱ्याचा होता.

"असेल कुणीतरी आळशी," जोलीन म्हणत होती. "फोन वाजला असेल आणि उठायचा कंटाळा केला असेल."

"आर्डिथ," व्हर्लिननं विचारलं, "जुना भिंतीवरचा फोन तुझ्याकडेही आहे अजून. तुला नाही ना आला?"

"नाही," मी म्हणाले.

"वाटलंच. आला असता तर पाच झाले असते."

सोमवारी एलिंगसनबाईंनी माघार घेतली. त्यांनी व्हर्लिनला स्वतः फोन केला, दोन मिनिटं बोलल्या, असं जोलीननं सांगितलं. मंगळवारी डायलिसिसहून आल्यावर त्यानं डिबेट शेवटपर्यंत पाहिली. सहा जण दोन तास भांडले. खेड्यातल्या दवाखान्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यानं टीव्ही बंद केला आणि कपडे न बदलता झोपला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज त्यांच्याकडे जायचं ठरवत होते आणि रोज काहीतरी काम काढत होते. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

फेब्रुवारीतल्या सोमवारी सभा आली. जिममध्ये एकशे अडतीस माणसं. व्हर्लिनला मास्तरांनी गाडीतून आणलं. जोलीन आली नाही. यापुढे मला कुणाचेही आकडे ऐकवू नका, असा तिनं निरोप पाठवला होता. व्हर्लिनचा चेहरा सुजला होता, बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या. तो बास्केटबॉलच्या जाळीखाली खुर्ची घेऊन बसला आणि कोटातून एलिंगसनच्या नावाचा जुना पुठ्ठा काढून त्यानं मांडीवर ठेवला. टॅलबर्टचे लोक कुकीजचं ताट घेऊन त्याला बोलवायला गेले. त्यानं मान हलवली.

मोजणी माझ्याकडे होती. मी कागद मास्तरांच्या हातात दिला आणि जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

"एलिंगसन, दोन," मास्तर ओरडले. कुणीतरी टाळी वाजवली.

"व्हर्लिन," मी म्हणाले, "मला फोन आला होता." मग सगळं सांगितलं. शेतीधोरणाचंही सांगितलं. तो समोरच्या कोपऱ्यांकडे बघत होता.

"उद्यापासून मी नेते तुला," मी म्हणाले. "तिन्ही दिवस. जोलीनला जरा विश्रांती. माझी गाडी बर्फात चांगली चालते."

"गुरुवारी मी गेलो नाही," तो म्हणाला. "शनिवारीही नाही. डायलिसिसची माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या म्हणून त्यांना कळवलंय."

मास्तर नियम वाचून दाखवत होते: एकवीसपेक्षा कमी डोकी असलेले कोपरे मोडले, त्या लोकांनी पंधरा मिनिटांत दुसरीकडे जावं, नाहीतर मोजणीत धरलं जाणार नाही. माणसं इकडून तिकडे जाऊ लागली, हसत, एकमेकांना ओढत.

"जा, आर्डिथ," व्हर्लिन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "टॅलबर्टकडे तुझं नाव आधीच लागलंय."

मी हलले नाही. दुसऱ्या मोजणीत आम्ही दोघं कुठेच धरले गेलो नाही.