शेवटच्या पाकिटाची चिठ्ठी

सुनेनं काचपट्टीवर आयोडीनचा थेंब सोडला, त्यावर पातळ काच अलगद टेकवली आणि ती सूक्ष्मदर्शकावर वाकली.

"दिसले का बीजाणू?" शेजारच्या खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं.

"दिसतायत. गोल आहेत."

"गोल चेंडूही असतो. त्यांच्यावरचे काटे सांग. सुटे, की एकमेकांना जोडलेले?"

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंची नजर गेली, तेव्हापासून काम असंच चालायचं. सुनेनं बघायचं, सासूबाईंनी ऐकून अळंबीचं नाव सांगायचं, आणि पाकिटावर चिकटवायच्या चिठ्ठीत 'ओळख पटवणारे' यापुढे सासूबाईंचं नाव लिहायचं. डोंगररांगेतल्या अळंब्यांची पहिली पूर्ण यादी व्हायची होती. वाळवलेल्या नमुन्यांची अकराशे पाकिटं होती आणि एकूण एक सासूबाईंनी स्वतःच्या पायांनी हिंडून गोळा केलेली.

दमटपणा नको म्हणून संग्रहाच्या या मागच्या खोलीची खिडकी कायमची खिळे ठोकून बंद केली होती. डांबरगोळ्यांचा वास सुनेच्या केसांत जाऊन बसला होता. नवरा त्यावरून चिडवायचा. दीड वर्षापूर्वी तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, आणि फोनवरून वास जात नसल्यामुळे तेवढंही चिडवणं थांबलं.

"यादी संपली की जा," सासूबाई म्हणायच्या. "मी काय तुला बांधून ठेवलंय?"

बांधून ठेवलं नव्हतं, हे खरंच. पण यादी दोनदा संपत आली आणि दोन्ही वेळा एखादं पाकीट आडवं आलं. काटे वेगळे निघाले की जात वेगळी. मग तशी दिसणारी सगळी जुनी पाकिटं पुन्हा उघडा, बाहेरच्या संग्रहांतून नमुने मागवा. चार-चार महिने त्यातच जायचे. नवऱ्याच्या शहरातल्या विद्यापीठानं तिला संग्रहाची नोकरी देऊ केली होती. हजर व्हायची मुदत एकदा वाढवून मिळाली होती. सोमवारनंतर मिळणार नव्हती. आज शुक्रवार होता, आणि हे शेवटचं पाकीट.

तिनं चाक फिरवून चित्र आणखी स्पष्ट केलं. लाल टोपीच्या नेहमीच्या अळंबीचे काटे सुटे असतात. हे जोडलेले होते. काट्याकाट्यांमधून बारीक रेघा गेल्या होत्या, कुणालाही दिसतील इतक्या.

"सुटे," ती म्हणाली.

"नीट बघ."

"सुटे आहेत, आई."

सासूबाईंनी हात पुढे केला. सुनेनं पाकीट दिलं. त्यांनी आतला तुकडा बोटांनी चाचपला, नाकाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला.

"मग नेहमीचीच," त्या म्हणाल्या. "लिही. संपली म्हणायची यादी."

सुनेनं नोंद केली. या क्षणाची तिनं किती वाट पाहिली होती.

"चिठ्ठी लिहिते," ती म्हणाली. "तुमचं नाव…"

"माझं नको. तुझं घाल."

"माझं?"

"डोळे तुझे झिजले, नाव माझं लागलं. वर्षभर बघतेय, मी नाव सांगायच्या आधीच तुझ्या पेनाचं टोपण निघतं. आंधळी झालेय, बहिरी नाही."

सुनेनं चिठ्ठी लिहिली. खाली स्वतःचं नाव घातलं, पहिल्यांदाच. मग डिंकाची बाटली हातात घेऊन ती तशीच बसून राहिली. एकदा चिकटवलेली चिठ्ठी कधी काढायची नाही, हा संग्रहाचा नियम. चूक सापडली तर ती शोधणाऱ्यानं आपली चिठ्ठी वर लावायची; खालची जन्मभर तिथंच. जुन्या लोकांच्या अशा चिठ्ठ्या वाचून ती अनेकदा हसली होती.

सासूबाई काठी शोधत उठल्या. "तुझ्या नणंदेला फोन कर. उद्या येऊन मला घेऊन जा म्हणावं."

"आई, थांबा. पुन्हा बघते एकदा."

त्या परत खाली बसल्या. का, ते त्यांनी विचारलं नाही. सुनेनं डोळा लावला. बघायचं असं काही उरलंच नव्हतं.

"जोडलेले आहेत," ती म्हणाली. "सगळेच्या सगळे."

"हं. नेहमीची वाळली की तिला वास राहत नाही. हिला आहे."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुला जायचं होतं ना."

सुनेनं मान वर केली. सासूबाईंचा चेहरा भलत्याच बाजूला, कपाटाकडे वळलेला होता.

"आणि चिठ्ठीवर माझं नाव?"

"यादीत एक चूक मी पोटात घातली असती," सासूबाई म्हणाल्या. "तिच्याखाली माझं नाव मात्र लागू दिलं नसतं."

सुनेला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. मग तिनं चिठ्ठी फाडली, कपाट उघडलं आणि लाल टोपीची जुनी पाकिटं एकेक करून टेबलावर आणून ठेवली.

"किती निघाली?"

"एकोणचाळीस."

"मग आधी नवऱ्याला फोन करून ये," सासूबाई म्हणाल्या.