कोऱ्या चिठ्ठीची कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. जाडजूड, सातशे बारा पानांची, आणि अंगातली एकही गोष्ट खरी नसलेली. माझ्या जगाला दोन चंद्र आहेत. तिथला समुद्र एके दिवशी आटला, पण राजाने हुकूम काढला, की समुद्र आहे असंच सगळ्यांनी म्हणायचं. म्हणून लोक रोज सकाळी कोरड्या वाळूत जाळी टाकतात. जाळी विणणारी एक बाई तेवढी ऐकत नाही. ती समुद्र शोधायला निघते.

माझ्या लेखकाने आधी नकाशा काढला आणि माणसं मागाहून आणली. त्यामुळे पहिली सत्तर पानं नुसती डोंगरांची आणि राजघराण्यांची नावं आहेत. छापखान्यातला मुद्रितशोधक वैतागून म्हणाला होता, "ही नावं वाचता वाचता माझे दात पडतील!" तरी सुरुवातीला माझं कौतुक झालं. वाचनालयात माझ्यासाठी लोक नंबर लावायचे. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरून गेली, तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली. मग नव्या कादंबऱ्या आल्या. दुसरी चिठ्ठी कोरीच राहिली आणि मी खालच्या फळीवर गेले.

तिथून मला एका धुलाईवालीने उचललं. शेजारच्या हॉस्पिटलात ती चादरी धुवायची. दुपारच्या सुट्टीत यायची, हात तीनतीनदा पुसायची आणि ओळीवर बोट ठेवून दोन पानं वाचायची.

"अगं, घरी घेऊन जा की," ग्रंथपाल बाई म्हणायच्या.

"नको बाई. माझ्या घरी सगळं ओलं, हातसुद्धा. इथे सुखरूप राहील ते."

वाचताना ती माझी खोडही काढायची. "राणी अकरा वेळा पोशाख बदलते, आणि एवढ्या मोठ्या राज्यात धुणं कुणीच धूत नाही?" मी ओशाळले. खरंच होतं ते. मनातलं जग उभारताना हीच चूक होते. चंद्र दोन टांगायचे आणि बादली विसरायची.

पण शेवटाकडे राजा तोच हुकूम पुन्हा काढतो, ते वाचलं त्या दिवशी ती आधी खुदकन हसली आणि मग तीच ओळ पुन्हा वाचू लागली. धुलाईघरातलं यंत्र दोन वर्षं बंद होतं. सगळ्या जणी हातानेच धुवायच्या, आणि मुकादम रोज 'यंत्र चालू' असं लिहिलेल्या कागदावर त्यांच्या सह्या घ्यायचा. "हा राजा कसला, हा तर आमचा मुकादम!" ती पुटपुटली. तोंडावर कुणी सांगितलं असतं तर तिने कानांवर हात ठेवले असते. माझ्या खोट्या राज्यात ते तिला दिसलं, याचा मला फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी तिने सही केली नाही. बाकीच्यांनी केली. मुकादमाने तिला आठवडाभर घरी बसवलं.

नेमकी त्याच आठवड्यात वाचनालयात छाटणी झाली. पाच वर्षांत ज्याच्या चिठ्ठीवर शिक्का नाही ते पुस्तक रद्दीत, असा नियम होता. मला सुतळीने गठ्ठ्यात बांधलं.

ती परत आली आणि तिला फळीवर रिकामी जागा दिसली. "बाई, माझं पुस्तक?"

"सकाळीच गेलं गं टेम्पोतून. पाच वर्षांत कुणी नेलंच नव्हतं."

"मी दीड वर्ष रोज वाचत होते की! तुमच्यासमोर!"

"इथे बसून वाचलेलं कुठे लिहिलं जातं?" बाईंचा आवाज खाली गेला. "माझ्याच हाताने यादी केली. लक्षातच आलं नाही बघ."

टेम्पो आलाच नव्हता, हे बाईंना माहीत नव्हतं. मी मागच्या दाराआड, दहा पावलांवर होते. पुस्तकाला हाक मारता येत नाही.

"उद्यापासून सही करणार आहे मी," ती म्हणाली. "घर चालायला हवं." जाता जाता तिने विचारलं, "तिला समुद्र सापडतो का हो?"

"मी वाचली नाही गं ती."

सापडतो, मित्रांनो. पान सातशे चार. धुलाईवाली सहाशे नव्वदपर्यंत आली होती. लेखकाने तिथे हात टेकले आणि जादूचा शंख फुंकून समुद्र परत आणला. जाणकारांनी त्या शेवटाला नावं ठेवली, ती रास्तच होती. खऱ्या जगात असं होत नाही. तरीही तो खोटा समुद्र तिला एकदा बघायला मिळायला हवा होता.

टेम्पो आता दाराशी लागला आहे. माझं जे व्हायचं ते होईल. तुम्ही मात्र आवडलेलं पुस्तक फळीवर जपून ठेवू नका. त्याच्यावर शिक्का मारून घ्या आणि घरी न्या. हात ओले असले तरी चालतील.